शिक्षक घडवणाऱ्या सेप्टिमा क्लार्क

अमेरिकेत साऊथ कॅरोलायना राज्यात राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवण्याची अट पुढे करून कृष्णवर्णीय मजुरांना मतदानापासून दूर ठेवले जाई. चाळीस वर्षे शिक्षिका असलेल्या सेप्टिमा क्लार्क यांनी कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे सभासदत्व सोडले नाही. १९५६ साली नोकरी गेली, पेन्शनही गेली. १९५७ साली सहकाऱ्यांसह जॉन्स बेटावर, दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी रात्रवर्ग काढला. शिकवायला कोण? ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन! पदवीधर मास्तर मोठ्या माणसाला पोर समजतो, हे बाई ओळखून होत्या. आधी सही, मग मनीऑर्डर, मग घटना. १९६१ पासून जॉर्जियातील शिबिरांत त्यांनी असे हजारो शिक्षक तयार केले. चळवळीतले पुरुष नेते मात्र बाईंचे फारसे ऐकत नसत, हेही लिहिलेच पाहिजे. बुडवलेली पेन्शन राज्याला १९७६ साली पुन्हा सुरू करावी लागली. १९८७ साली त्या गेल्या.