विश्लेषण : मोबाइलच्या पडद्यातली वीजगळती आणि १९२५ चे पेटंट… कोण होते लिलिएनफेल्ड?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अमरावतीही फार मागे राहत नाही. या उन्हाचा परिणाम खिशातल्या मोबाइलवरही होतो. त्याच्या पडद्यात लाखो सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. तापमान वाढले की ‘बंद’ असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज झिरपू लागते. सिलिकॉनचे तापमान १० अंशांनी वाढले की गळती साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पडदे बनवणाऱ्यांची निम्मी हुशारी ही गळती रोखण्यात खर्च होते. हे पडदे ज्या जातीच्या ट्रान्झिस्टरवर चालतात, त्याची कल्पना सर्वप्रथम पेटंट अर्जात मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे ज्युलियस एडगर लिलिएनफेल्ड.

प्राध्यापक की संशोधक?

लिलिएनफेल्ड यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लेम्बर्ग येथे ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते; आज ते युक्रेनमधील ल्विव्ह म्हणून ओळखले जाते. बर्लिनमधून १९०५ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते लाइपझिग विद्यापीठात आले. तिथे त्यांनी निर्वात नळ्या आणि क्ष-किरण नळ्यांवर काम केले. वायू द्रवरूप करण्याचे तंत्रही त्यांना अवगत होते आणि झेपेलिन हवाई जहाजांसाठी लागणाऱ्या हायड्रोजनच्या कामात त्यांचा सहभाग होता. पुढे पेटंटच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले, लाइपझिगची प्राध्यापकी सोडली आणि तिथेच स्थायिक झाले. शोधनिबंधांपेक्षा पेटंटकडे त्यांचा ओढा अधिक होता. ही सवय त्यांना महागात पडली असेच म्हणावे लागेल.

अर्जात नेमके काय होते?

तो काळ रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हचा. हे व्हॉल्व्ह मोठे, तापणारे आणि वीज खाणारे होते. २२ ऑक्टोबर १९२५ रोजी कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत केलेल्या अर्जात लिलिएनफेल्ड यांनी व्हॉल्व्हशिवाय विजेवर नियंत्रण ठेवण्याची युक्ती मांडली. काचेवर कॉपर सल्फाइडचा अतिशय पातळ थर द्यायचा आणि त्याच्या दोन टोकांमधून वीज वाहू द्यायची. थराजवळ, पण त्याला न चिकटता, तिसरा धातू ठेवायचा आणि त्यावरचा दाब कमी-जास्त करून थरातली वीज आवरायची. अमेरिकेतले पेटंट २८ जानेवारी १९३० रोजी मंजूर झाले. १९२८ च्या आणखी एका अर्जात त्यांनी ॲल्युमिनियम आणि त्यावरच्या ऑक्साइडचा विद्युतरोधक थर वापरला होता.

या तिसऱ्या टोकाला आज ‘गेट’ म्हणतात. अप्पर वर्धाच्या कालव्यावरचे गेट पाहिलेल्याला ते वेगळे समजवायला नको. दार उचलले की पाणी सुटते, टाकले की थांबते. सील झिजले असेल तर दार टाकूनही पाणी झिरपत राहते.

कल्पना अचूक होती, साहित्य मात्र तयार नव्हते. पुरेसे शुद्ध अर्धवाहक तेव्हा मिळत नव्हते. शिवाय थराच्या पृष्ठभागावरच्या दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि गेटचा प्रभाव आतपर्यंत पोहोचू देत नाहीत. लिलिएनफेल्ड यांनी या उपकरणावर शोधनिबंध लिहिला नाही आणि त्यापासून कोणताही माल बाजारात आला नाही.

नोबेल इतरांना

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली यांनी १९४५ मध्ये याच धर्तीचा प्रयोग केला आणि तो फसला. पृष्ठभागावर अडकणाऱ्या इलेक्ट्रॉनचे कारण जॉन बार्डीन यांनी पुढच्या वर्षी मांडले. डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जो ट्रान्झिस्टर बनवला, तो वेगळ्या वाटेचा होता. पेटंटचे कागद तयार करताना मात्र वकिलांसमोर लिलिएनफेल्ड यांचे जुने दस्तऐवज आले आणि गेटच्या मूळ कल्पनेवर सरसकट हक्क सांगणे अवघड झाले. १९५६ चे नोबेल तिघा बेलकरांना मिळाले. लिलिएनफेल्ड तेव्हा कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर राहत होते. गव्हाच्या शेतांमुळे होणारी ॲलर्जी त्यांना आयुष्यभर छळत होती. तिच्यापासून सुटका म्हणून पत्नी बिआट्रिससह त्यांनी हे बेट गाठले होते.

पडद्यात गळती का महत्त्वाची?

फोर-के टीव्हीत ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात. प्रत्येकात तीन रंग, म्हणजे एलसीडी पडद्यात सुमारे अडीच कोटी ट्रान्झिस्टर. प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्या रंगबिंदूत विद्युतभार भरतो आणि पुढचे चित्र येईपर्यंत, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, दार बंद ठेवतो. या वेळात भार झिरपला तर रंग फिका पडतो किंवा चित्र लुकलुकते. पडदा जितका बारीक, तितकी भार साठवायची जागा लहान. मग तेवढीच गळतीही जास्त नडते. बॅटरी वाचवण्यासाठी स्थिर चित्र सेकंदाला एकदाच ताजे करणाऱ्या पडद्यात तर हा भार साठपट वेळ टिकवावा लागतो.

सिलिकॉनवर तापवून वाढवलेला ऑक्साइडचा थर पृष्ठभागाचे दोष शांत करतो, हे बेलमधल्याच मोहम्मद अटाला यांनी दाखवले. त्यातून १९५९-६० मध्ये अटाला आणि डेव्हन कांग यांनी गेटचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. १९६२ मध्ये आरसीए कंपनीत पॉल वायमर यांनी काचेवर पातळ थराचा ट्रान्झिस्टर बनवला. ही रचना लिलिएनफेल्ड यांच्या चित्राशी थेट नाते सांगणारी होती. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातून अस्फटिक सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आला. त्याची गळती अत्यल्प, पण वेगही कमी. बहुस्फटिक सिलिकॉन वेगवान आहे; मात्र त्याच्या कणांच्या सीमांवरून वीज झिरपते. म्हणून एकापाठोपाठ दोन गेट बसवतात किंवा टोकाजवळ भेसळद्रव्य कमी ठेवतात. जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने पुढे आणलेल्या इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडमधून तर गळती जवळपास होतच नाही. महागड्या मोबाइलमध्ये आता बहुस्फटिक सिलिकॉन आणि असे ऑक्साइड एकत्र वापरतात.

वायमर यांचा ट्रान्झिस्टर प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराने, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, लिलिएनफेल्ड यांचे सेंट थॉमसवरच निधन झाले. बिआट्रिस यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून अमेरिकन फिजिकल सोसायटीने १९८८ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.