कमला सोहोनी: जेलच्या आधीपासून प्रोटीनचा पाठलाग

18 जून 2023 ला गूगलच्या डूडलवर एक मराठी शास्त्रज्ञ झळकल्या होत्या, आठवतंय? त्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. जन्म 1911 चा.

1933 मध्ये मुंबईतून बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या प्रोबेशनवर, अटी घालून प्रवेश मिळाला. काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिथं त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रोटीनवर काम केलं. मग केंब्रिज. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं हे त्यांनी दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था. 1950 च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांसोबत डबल बी, पावटा यांतला ट्रिप्सिन इनहिबिटर शोधला. हे प्रोटीन आपल्या पोटातल्या पचन करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. शिजवल्यावर ते बरंचसं निकामी होतं, म्हणून आपली उसळ पचते.

आज प्रोटीन वेगळं करायला एसडीएस जेल वापरतात. ही पद्धत 1970 ची. करंट दिला की लहान प्रोटीन जेलमधून पुढे पळतं, मोठं मागे राहतं. निळा रंग दिला की पट्टे दिसतात. फोटो काढून सॉफ्टवेअर त्यांची गडदता मोजतं. आकडा एकदम अचूक वाटतो, पण गोची इथंच आहे. रंग प्रत्येक प्रोटीनला सारखा चिकटत नाही. एकाच आकाराची दोन प्रोटीन एकाच पट्ट्यात लपतात. पट्टा फार गडद झाला तर मोजणी बिघडते. आणि एसडीएसमुळे प्रोटीनची घडी उलगडते, म्हणजे ते काय काम करत होतं हे पट्ट्यावरून कळतच नाही.

कमलाताईंचा प्रश्न नेमका हाच होता: प्रोटीन आहे, पण ते शरीरात करतं काय? नीरेच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. 1998 मध्ये त्या गेल्या.

पुढच्या वेळी प्रोटीन पावडरच्या डब्यावरचे ग्रॅम वाचाल, तेव्हा त्यातलं पचतं किती, हेही विचारा.