रेव्हरंड टिळक आणि प्रभुभोजनाची पंगत

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्राची मांडणी बहुधा १८९५ च्या बाप्तिस्म्याभोवती केली जाते. परंतु बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. प्रभुभोजन मात्र ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घ्यावयाचे असते. या दुसऱ्या विधीच्या अंगाने टिळकांचे चरित्र पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत टिपणात केला आहे.

येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसह घेतलेल्या भोजनाचे स्मरण म्हणून उपासकमंडळी भाकर व द्राक्षारस यांचे सेवन करते. कॅथलिक परंपरा त्यात ख्रिस्ताचे प्रत्यक्ष सान्निध्य मानते. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तेथे स्मरणावर आणि मंडळीच्या ऐक्यावर भर होता. एका भाकरीत सर्वांचा वाटा, हा अर्थ मात्र उभयतांना समान आहे.

हा अर्थ तत्कालीन महाराष्ट्रात केवळ आध्यात्मिक राहणे शक्य नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य झाले होते. वारकरी संप्रदायातील काल्याने सहभोजनाचा आदर्श जपला होता. तथापि घरच्या पंक्तीत जातीचे निर्बंध कायम होते. अशा समाजात नित्याचे प्रभुभोजन म्हणजे जातित्यागाचे वारंवार केलेले नूतनीकरणच ठरे.

करजगावी चित्पावन घराण्यात जन्मलेले टिळक १८९१ मध्ये संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी नागपुरास आले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना रेल्वेत एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांनी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चमधील पंगत त्यांना लाभली, पण घरातील पंगत मोडली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे आप्तांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले. उपासनेत सर्वांसमवेत भाकर घेणाऱ्या टिळकांना स्वतःच्या घरी हे अंतर सोसावे लागले. त्यांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद स्वतःच्या विचाराने गळून पडला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’तील हा भाग धर्मांतराइतकाच सहभोजनाचाही इतिहास आहे.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांची भजने मराठी मंडळ्यांच्या उपासनेत रूढ झाली. परकीय वळणाच्या उपासनेला त्यामुळे अभंगाचा नाद मिळाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तीत बंधू मानले होते. चर्चच्या प्रस्थापित रूढीनुसार प्रभुभोजनाचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांनाच असे. त्यामुळे पंगतीची मर्यादा कोणी व कोठे आखावी, हा जातीला विचारलेला प्रश्न दरबाराच्या कल्पनेने खुद्द चर्चपुढेही उभा केला. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले.

एकदा घेतलेला निर्णय पुरेसा नसतो. तो भाकरीसारखा पुनःपुन्हा वाटून घ्यावा लागतो. प्रभुभोजनाच्या आवर्तनाचा हा अर्थ टिळकांच्या चर्चजीवनाइतकाच त्यांच्या संसारातूनही प्रकट होतो, असे म्हणता येईल.