पंडिताबाईंचे उघडे दार

गिरगाव चौपाटीवर विल्सन कॉलेजची दगडी इमारत आजही उभी आहे. भेळ खायला, अनंत चतुर्दशीला गणपती पाहायला किंवा नुसताच खारा वारा घ्यायला आलेल्या मुंबईकराच्या नजरेला ती इतकी सवयीची झाली आहे, की तिच्या आसपास कधीकाळी काय होते, हे कुणाच्या मनातही येत नाही. याच परिसरातल्या एका घरात ११ मार्च १८८९ रोजी विधवा आणि निराधार मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह सुरू झाले. त्याचे नाव शारदा सदन. उद्घाटनाच्या सभेचे अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकरांना दिले होते. बाईने चारचौघांत वर्तमानपत्र वाचले तरी ज्या काळात कुजबूज होई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

हे घर चालवणाऱ्या बाई होत्या पंडिता रमाबाई. वय जेमतेम तीस. स्वतः विधवा, अंगावर साधे पांढरे लुगडे, जिभेवर संस्कृत आणि खाणे निव्वळ शाकाहारी. आणि धर्माने ख्रिस्ती. या शेवटच्या गोष्टीनेच पुढे वादळ उठले. ते वादळ आपण शाळेच्या इतिहासात चार ओळींत वाचून सोडून देतो. मला मात्र त्याच्या मुळाशी एक अगदी घरगुती प्रश्न दिसतो. एका घरात वेगवेगळ्या श्रद्धेची माणसे राहत असताना, घरातल्या कर्त्या माणसाने आपली प्रार्थना करताना खोलीचे दार लावून घ्यावे की उघडे ठेवावे?

या प्रश्नापर्यंत रमाबाई कशा आल्या, ते आधी पाहायला हवे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे गाढे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचेच, या हट्टापायी त्यांनी लोकांचा रोष पत्करला होता. आईनेच रमेला शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करत, देवळांत पुराणे सांगत देशभर हिंडले. मग १८७४च्या सुमाराला दुष्काळ आला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी हजारो मैल पायी चालली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

पदव्या मिळाल्या, पण ज्या व्रतवैकल्यांवर आईवडिलांनी आयुष्य वेचले होते, त्यांवरचा तिचा विश्वास मात्र त्या दुष्काळातच उडाला होता. पुढे धर्मशास्त्रे वाचली, तेव्हा स्त्रीला तिच्या स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही, असे त्यांना तिथे दिसले. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात ओलांडून लग्न केले आणि दोन वर्षांच्या आत, १८८२च्या फेब्रुवारीत, तेही पटकीने गेले. कडेवर मनोरमा नावाची दहा महिन्यांची पोर राहिली. सिलचरच्या त्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक सापडले होते. तिथून विचारांना एक धागा मिळाला.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असे बजावले आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायचा बेत होता, तो ऐकायला कमी येत असल्यामुळे बारगळला. वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने टाकलेल्या बायकांना त्या जोगिणी कशा सांभाळतात, हे त्यांनी लंडनमध्ये पाहिले. जिला आपण दाराबाहेर ठेवू, तिला आत घेणारा हा धर्म कोणता, याचे त्यांना नवल वाटले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीचे पंडित त्यांच्याआधीच ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लेखनाने बुद्धीच्या शंका काही अंशी फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याकडच्यांना वाटले, बाई आपल्या हातून गेली. गंमत अशी, की ती तिकडच्यांच्याही हाती लागली नव्हती. मठातल्या वडीलधाऱ्या बाईंशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात ही तरुण मुलगी पदोपदी वाद घालताना दिसते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का? माझ्या देशबांधवांना ती कळणार नाहीत, संस्कृत असतील तर घालते. अंड्याचा पदार्थ मला चालणार नाही. धर्ममंडळाची अमुक शिकवण माझ्या बुद्धीला पटत नाही, तोवर ती मान्य आहे असे मी म्हणणार नाही. गुरूने सांगितले म्हणून मान डोलवायची, हे त्यांनी काशीच्या पंडितांसाठी केले नव्हते. ते इंग्लंडच्या पाद्र्यांसाठी तरी कशाला करतील?

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होतात तो समारंभ पाहायला. तो दिवसही ११ मार्चच होता. त्यानंतर त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दैन्याविषयी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७च्या डिसेंबरात बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या मंडळींनी दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी घेतली. अट एकच होती. सदनात कुठल्याही धर्माचा प्रचार होणार नाही. रमाबाईंना ती मनापासून मान्य होती.

अशी त्या हमीची शिदोरी घेऊन त्या मुंबईत उतरल्या आणि गिरगावात बिऱ्हाड थाटले. त्या काळचे गिरगाव म्हणजे नव्या विचारांचे माहेरघर. प्रार्थना समाज इथलाच. त्या समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती तेलंग, नारायणराव चंदावरकर अशी बडी माणसे सदनाच्या सल्लागारांत होती. सोवळेओवळे, उपासतापास, पूजाअर्चा जिला जशी पाळायची तशी तिने पाळावी, असा घराचा रिवाज होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. रमाबाई त्यांत होत्या. सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या.

सदनात आलेली पहिली विधवा होती देवरूखची गोदूबाई. आठव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली. तिला इथे आणले तिचा भाऊ नरहरपंत जोशी याने. या नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे तेव्हा मुंबईतच शाळांतून गणित शिकवत होते. पुढे १८९३ साली विधुर झालेल्या कर्व्यांनी याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. तारीख पुन्हा ११ मार्च! कादंबरीत मी असा योगायोग घातला असता तर संपादकांनी तो खोडून टाकला असता. हिंगण्याच्या आश्रमापर्यंत कर्वे दांपत्याने जे काम उभे केले, त्याचे एक मूळ गिरगावातल्या त्या घरात आहे.

मुंबईचा खर्च परवडेना म्हणून १८९०च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हलले. आणि तिथे दाराचा प्रश्न उभा राहिला.

झाले असे, की रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. वर्गात धर्माचा शब्द नव्हता. कुणाला बोलावणे नव्हते. पण खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बातमी गावात पसरली. केसरीने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी सुचवले, की दार लावून घ्या, किंवा मुलींना येऊ देऊ नका. रमाबाईंनी नकार दिला. आपल्या धर्माने चालण्याची मोकळीक जशी मुलींना आहे तशीच ती मलाही आहे. मी त्यांच्या पूजेच्या आड येत नाही, आणि माझी प्रार्थना लपूनही करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सदनाशी संबंध तोडला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळींनी चौकशी केली आणि विश्वास कायम ठेवला.

बँकेत उमेदीची सगळी वर्षे काढल्यामुळे ठेव या शब्दाचे वजन मला ठाऊक आहे. ज्याने ठेवली, त्याच्या मनात ती ठेवताना काय होते, यालाही महत्त्व असते. म्हणून रानडे-भांडारकरांची बाजू मला हलकी वाटत नाही. त्यांनी समाजाच्या शिव्या खाऊन मुलींना या घरी पाठवायला पालकांना राजी केले होते. जिने आपल्याला अंधारातून बाहेर काढले, त्या बाईवर मुलींचा जीव जडणारच. ती न बोलवताही तिच्यामागे जाणारच. प्रेम हासुद्धा एक प्रचार असतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही.

पण दुसरे पारडेही पाहा. त्या मुलींचे तोवरचे आयुष्य लावलेल्या दारांमागेच गेले होते. माजघर, अडगळीची खोली, शुभकार्याच्या वेळी दुरून ऐकू येणारे सनईचे सूर. त्यांच्यासाठी उघडलेल्या घरात पुन्हा एक दार लावायचे, आणि तेही कर्त्या बाईने स्वतःच्या देवाशी बोलताना? तिने तसे केले असते, तर श्रद्धा ही लपवण्याची चीज आहे, हाच धडा मुलींनी घेतला असता. आणि गोदूबाई विसरून चालणार नाही. त्याच उघड्या दारासमोर ती वर्षानुवर्षे राहिली, शिकली, रमाबाईंवर माया केली आणि हिंदू म्हणून जगली. मराठी संसारांतल्या एका थोर संसाराची ती गृहिणी झाली. दार आत यायला जसे उघडे होते, तसे न यायलाही उघडे होते.

या साऱ्या गदारोळात रमाबाईंच्या स्वतःच्या आत काय चालले होते, ते फारसे कुणी विचारात घेत नाही. पुढे त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण मनाची शांती नव्हती. धर्म बुद्धीला पटला होता, जिवाला मिळाला नव्हता. ती शांती त्यांना १८९१च्या सुमाराला लाभली. याचा अर्थ असा, की गिरगावात मुलींना धीर देणारी, हिशेब ठेवणारी, सभांतून बोलणारी ही बाई मनाने स्वतःच अजून वाट चालत होती. पहाटे उठून वाचायचे, प्रार्थना करायची आणि मग दिवसाच्या कामाला लागायचे, हा क्रम मात्र त्यांनी चुकवला नाही. आत्म्याची निगा म्हणजे काही वेगळा समारंभ नसतो. रोज देवापुढे निरांजन लावणाऱ्या आपल्या आजीला हे कुणी शिकवावे लागले नव्हते. रमाबाईंनाही ते असेच, रोजच्या रोज, थोडे थोडे करून साधले.

पुढचे आयुष्य अनेकांना माहीत आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले, त्याच दुष्काळाच्या तोंडातून त्यांनी शेकडो लेकी परत काढल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, आंधळ्यांची शाळा. दहा वर्षांची बोस्टनची हमी संपल्यावर मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाले. टीकाकारांना वाटले, आपलेच खरे ठरले. पण आता कुणाशी आडपडद्याचा करार नव्हता आणि येणाऱ्या बहुतेक जणींना दुसरे कुठले दारही नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

अखेरची वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. बायबलचे जे मराठी भाषांतर प्रचलित होते, ते त्यांच्या मुलींना जड जाई. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे गिरवलेल्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला आणि छापायला त्यांच्याच मुली होत्या. जिला कलकत्त्याच्या सभेने सरस्वती म्हटले, तिने आपली विद्वत्ता शेवटी सोपे लिहिण्यात खर्च केली. कामाच्या मध्यावर, १९२१च्या जुलैत, मनोरमा गेली. उघड्या दाराच्या खोलीतली ती पहिली सोबतीण. आईने भाषांतर थांबवले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

आज गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत एकाच छपराखाली दोन-तीन तऱ्हांच्या श्रद्धा नांदतात. आजोबांची संध्या, सुनेचा रविवारचा चर्च, नातवाचा कशावरच नसलेला विश्वास. कुणी चिडून दार लावतो, तर कुणी दुसऱ्याला हात धरून आत ओढतो. दोन्हींनी घर दुखावते. रमाबाईंनी केले ते या दोन्हींपेक्षा कठीण होते. त्यांनी आपली प्रार्थना चोरून केली नाही आणि गोदूबाईला तिच्या वाटेने जाऊ दिले. त्याची किंमत म्हणून जवळची माणसे दुरावली, अर्धे घर रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या, मनोरमेला घेऊन बसल्या. दार होते तसेच उघडे होते.