अहिल्यादेवी होळकर : दुःखातून फुटलेला पाझर



३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या इतिहासातील मुलींची ही पहिलीच तुकडी. दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. हा केवळ योगायोग. परंतु राज्य आणि फौज यांची जबाबदारी एका स्त्रीने अडीचशे वर्षांपूर्वी पेलली होती, याची आठवण त्या निमित्ताने आम्हाला झाली. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडेसे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती, तरी माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवले. १७३३ साली सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि आठ वर्षांची ही मुलगी इंदूरच्या होळकर घराण्यात सून म्हणून आली. मालेराव आणि मुक्ताबाई ही त्यांची दोन अपत्ये.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाईंनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्या सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी सुनेला कळवळून विनवले आणि त्या मागे फिरल्या. मुलगा गमावलेल्या सासऱ्याने सुनेला मुलाच्या जागी मानले. हिशेब, पत्रव्यवहार, एवढेच नव्हे तर तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्थाही त्यांच्यावर सोपवली. सून घरात आली की तिने फक्त चूल सांभाळावी असे मानणाऱ्या काळात हे घडले, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले. गादीवर बसलेला मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर चंद्रचूड यांनी राघोबादादांना बोलावले. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप त्यांनी पाठवला. त्यांनी स्त्रियांची तुकडीही उभी केली होती, असे लोक सांगत आले आहेत. राघोबादादांनी माघार घेतली. माधवराव पेशव्यांनी कारभार अहिल्याबाईंकडेच ठेवला. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांना दिली आणि स्वतः नर्मदाकाठी महेश्वर येथे राहून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, राज्य चालवले.

त्यांचा कारभार कसा होता? रोज दरबारात बसून त्या लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याचा मोह त्या काळच्या राज्यकर्त्यांना सहज होई. अहिल्याबाईंनी अशा धनाला हात लावला नाही. विधवेला दत्तक घेण्याची मोकळीक दिली. वैधव्य काय असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना त्यांनी वाटसरूंच्या रक्षणाचे काम दिले आणि त्याबद्दल प्रवाशांकडून थोडा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. महेश्वरी साडी विणणाऱ्या विणकरांना तेथे आसरा मिळाला. तेथील माग आजही चालतात.

काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभारले. सोमनाथ आणि गया येथेही बांधकामे केली. देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांतील बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेर होती. हा दानधर्म त्या खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या वाट्याच्या उत्पन्नातून करीत. रयतेच्या कराचा पैसा रयतेसाठी आणि आपले पुण्य आपल्या पैशाने, हा हिशेब त्यांनी कसोशीने पाळला. त्यांची उपासना आपल्याहून निराळी होती, पण हा चोख व्यवहार कोणत्याही धर्माच्या माणसाने शिकावा असाच आहे.

आम्हाला मात्र सर्वांत भावते ती एक लहानशी गोष्ट. उन्हाळ्यात रस्त्यावरच्या वाटसरूंना आणि शेतात राबणाऱ्यांना पाणी देण्यासाठी त्यांनी माणसे नेमली होती. ही माणसे नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांनाही पाणी पाजत. धरणाच्या काठी राहणाऱ्या आपल्याला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. तहानलेला कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारण्याआधी पाणी पुढे करावे, ही दया त्या राजवाड्यातून रस्त्यापर्यंत पोहोचली होती.

एवढे असूनही त्यांच्या घरात सुख नांदले नाही. एकुलता नातू तरुणपणीच गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पदर पसरून विनवले. एके काळी सासऱ्याच्या शब्दाने स्वतः मागे फिरलेल्या अहिल्याबाईंना आपल्या लेकीला मात्र मागे फिरवता आले नाही. त्या नदीकाठापर्यंत सोबत गेल्या. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही आणि त्या फारसे बोललीही नाहीत. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना आपण हे पान चटकन उलटतो. पण ते उलटू नये. जिचा शब्द सगळे राज्य मानत होते, ती आई त्या दिवशी एका दुष्ट रूढीपुढे हरली. पती, सासरे, मुलगा, नातू, जावई आणि लेक, सगळ्यांना निरोप देऊन मागे उरलेली ही बाई चौथ्या दिवसानंतर पुन्हा कामाला लागली आणि पुढची चार वर्षे गाऱ्हाणी ऐकत राहिली.

आपल्या धर्मग्रामातही अशा आया आहेत, ज्यांच्या घरातला दिवा अवेळी मालवला. त्यांना आम्ही धीर धरा एवढेच सांगून थांबत नाही. अहिल्याबाईंचे आयुष्य इतकेच दाखवते, की दुःख संपत नाही, पण त्याचा पाझर दुसऱ्याच्या शेताकडे वळवता येतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी महेश्वर येथे देह ठेवला. आज इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ त्यांच्या नावाने ओळखले जातात. २०१९ साली सोलापूर विद्यापीठाला आणि २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. हा मान योग्यच आहे. पण एक आठवण सांगितली जाते. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, इतक्या स्तुतीला आपण पात्र नाही असे सांगितले आणि तो नर्मदेत सोडायला लावला.

म्हणून आम्हीही स्तुती इथेच थांबवतो. या उन्हाळ्यात आपल्या दाराशी येणारा टपालवाला, कचरा नेणारी ताई, रस्त्याच्या कामावरचे मजूर यांना हाक मारून थांबवावे आणि गार पाण्याचा तांब्या पुढे करावा. अहिल्यादेवींची आठवण ठेवायला एवढेही पुरे आहे.