साडीतील मारियामाता रेखाटणारे चित्रकार : आंजेलो द फोन्सेका

आपल्या धर्मप्रांतातील नेवासा हे गाव अवघ्या मराठी मुलखाला वंदनीय आहे. प्रवरेच्या काठी असलेल्या पैस खांबाला टेकून संत ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. तोवर संस्कृतात बंद असलेले ज्ञान नांगरधारी शेतकऱ्याच्या व दळणकांडण करणाऱ्या बाईच्या बोलीत उतरले. देवाचे बोलणे आपल्या घरच्या भाषेत ऐकण्याचा तो आनंद होता. तो सहजासहजी मिळाला नाही. त्यासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांना समाजाचा रोष सोसावा लागला.

ख्रिस्ती परंपरेतही असे कार्य करणारी माणसे होऊन गेली. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करून तारणाची कथा मराठी ओवीत आणली. त्यांनी जे शब्दांनी केले, तेच सुमारे तीनशे वर्षांनंतर एका गोमंतकीय कॅथलिक चित्रकाराने रंगांनी केले. त्यांचे नाव आंजेलो द फोन्सेका. कलेच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक आहे; आपल्या धर्मग्रामांत मात्र ते फारसे ऐकू येत नाही. म्हणून हा परिचय.

जुवें बेटावरून शांतिनिकेतनाकडे

फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव, म्हणजेच जुवें, या बेटावरील एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. मांडवीच्या पाण्याने वेढलेले, शेती-भाजीपाल्याचे हे गाव. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. चर्चमधील वेद्या, मूर्ती, चित्रे, सारे काही युरोपीय वळणाचे होते. गोऱ्या वर्णाची, सोनेरी केसांची, निळा झगा घातलेली मारियामाता पाहतच त्या काळची मुले प्रार्थना शिकत. शेतात राबणाऱ्या त्यांच्या आयांचे रूप वेदीवर कोठेच दिसत नसे. आंजेलो हेही त्याच मुलांपैकी एक.

त्या काळच्या सुस्थितीतील घरांप्रमाणे याही मुलाने डॉक्टर व्हावे असे ठरले. मुंबईत वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, परंतु मन रमेना. ते सोडून त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे शिकवली जाणारी पाश्चात्त्य पद्धतही त्यांना पटेना. आपल्या मातीतली कला शिकावी या ओढीने ते थेट बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेले. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. अजिंठ्याची भित्तिचित्रे, मोगल व राजपूत लघुचित्रे, खेड्यापाड्यांतील लोककला यांकडे आदराने पाहण्याची दृष्टी त्यांना तेथे मिळाली. जलरंगाचे पातळ थर एकावर एक धुऊन चढवण्याची, चित्राला धुक्यासारखी कोमलता देणारी बंगाली शैलीही त्यांनी आत्मसात केली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिको देशात, त्याच सुमारास दिएगो रिव्हेरा आदी चित्रकार आपल्या देशातील मूळ रहिवासी शेतकरी, त्यांचे बाजार व सण भिंतींवर रंगवीत होते. ज्यांची चित्रे कोणी काढत नव्हते, त्या सामान्य माणसांना कलेत मानाची जागा मिळू लागण्याचा तो काळ होता. फोन्सेका यांनी त्याच सामान्य माणसांमध्ये आपले तारणदायी कुटुंब पाहिले, हे त्यांचे वेगळेपण.

स्वगृही नकार

1930 च्या दशकाच्या प्रारंभी फोन्सेका गोव्यात परतले आणि त्यांनी ख्रिस्ती विषय भारतीय रीतीने रंगवण्यास सुरुवात केली. त्यांच्या चित्रांतील मारिया सावळी होती, साडी नेसलेली होती. तिच्या बसण्या-उठण्यात, डोक्यावरून पदर घेण्यात, बाळाला कडेवर धरण्यात आपल्याकडच्या साध्या स्त्रीची ढब होती. पाण्याला जाणाऱ्या, अंगणात बसणाऱ्या स्त्रियांत त्यांना नाझरेथ दिसले. प्रभू येशूच्या रूपात त्यांनी भारतीय गुरूची व संन्याशाची शांत मुद्रा आणली.

हे पाहून गोव्यातील अनेक ख्रिस्ती मंडळी दुखावली. पवित्र मातेला साडी नेसवणे म्हणजे तिचा अपमान, हा ख्रिस्ती श्रद्धेवर दुसऱ्या धर्माचा रंग चढवण्याचा प्रकार आहे, असे आक्षेप घेतले गेले. टीका करणारे स्वतः श्रद्धावान होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या जे रूप पाहून त्यांनी गुडघे टेकले, तेच रूप खरे असे त्यांना वाटत होते. मारिया ही गालिलातील एक यहुदी कन्या होती, युरोपीय झगा हीसुद्धा कोणा चित्रकाराने तिला दिलेली भेटच होती, हा विचार त्यांच्या मनात आला नसावा. स्वगावात मान मिळत नाही, हा अनुभव प्रभू येशूलाही चुकला नव्हता. फोन्सेका यांनी वादविवाद न वाढवता गाव सोडले आणि ते पुण्यास आले.

नगरच्या मातीत रुजलेला आश्रम

पुण्यात शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. या आश्रमाचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. अँग्लिकन मिशनरी रेव्हरंड जॅक विन्स्लो यांनी 1922 साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, या संघाची स्थापना केली. नगरमध्येच वास्तव्य केलेले मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा विन्स्लो यांच्यावर खोल प्रभाव होता. टिळकांचे चरित्रही त्यांनी लिहिले. भजन, साधी राहणी, जमिनीवर बसून प्रार्थना व भोजन, हे टिळकांचे भारतीय ख्रिस्ती जीवनाचे स्वप्न संघाने आचरणात आणले. पुढे आश्रम पुण्यास गेला.

फोन्सेका कॅथलिक, आश्रम अँग्लिकन. ख्रिस्ती पंथांत आज दिसणारी जवळीक त्या काळी नव्हती; एकमेकांच्या प्रार्थनागृहात पाऊल ठेवणेही अनेकांना गैर वाटे. अशा दिवसांत फोन्सेका आपल्या कॅथलिक श्रद्धेला जराही न सोडता तेथे अनेक वर्षे राहिले आणि त्यांनी शेकडो चित्रे काढली. देवदूताचा निरोप, प्रभुजन्म, क्रूसाची वाट, संतांची जीवने असे विषय त्यांनी पुनःपुन्हा हाताळले.

ख्रिस्तसभेत त्यांना कोणीच ओळखले नाही असे मात्र नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांच्या कलेचे मोल जाणले. भारतीय इतिहास व पुरातत्त्व यांत रमलेल्या या स्पॅनिश धर्मगुरूंनी त्यांना सतत प्रोत्साहन दिले. परदेशांत त्यांच्या चित्रांना दाद मिळत होती. आपल्या गावातील चर्चची भिंत मात्र त्यांच्यासाठी रिकामी झाली नाही.

पुढे आयव्ही यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक कन्या झाली. चित्रविक्रीवर संसार चालवणे सोपे नव्हते, तरीही बाजाराला रुचेल असे काही काढण्यासाठी त्यांनी आपली वाट बदलली नाही.

उशिरा उमगलेले सत्य

4 डिसेंबर 1963 रोजी द्वितीय व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, सर्व लोकांच्या व सर्व प्रदेशांच्या कलेला उपासनेत योग्य आदराने स्थान मिळावे, अशी शिकवण त्यात दिली आहे. ज्या कारणासाठी फोन्सेका यांना तीस वर्षांपूर्वी गाव सोडावे लागले होते, तेच आता ख्रिस्तसभेचे अधिकृत धोरण झाले. 1965 साली महासभा संपली आणि 1967 साली फोन्सेका प्रभूकडे गेले. बदलत्या काळाची फळे पाहण्यास त्यांना फार थोडा अवधी मिळाला.

त्यांच्या मागे आयव्हीबाईंनी ती चित्रे जिवापाड जपली. ऊन, दमट हवा, वाळवी यांपासून कागदावरील जलरंग सांभाळणे किती कठीण, हे आपण जाणतो. अनेक दशकांनंतर त्यांनी हा ठेवा गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या येशूसंघीय संस्थेच्या हाती सोपविला. ज्या भूमीने मारियेला साडीत पाहण्यास नकार दिला होता, तेथेच ती साडीत परतली. आणि तिला घरी आणले ते एका विधवेच्या निष्ठेने.

आपल्यासाठी काय?

1531 साली मेक्सिकोत ग्वादालुपे येथे पवित्र मातेने हुआन दिएगो या गरीब मूळ रहिवाशाला दर्शन दिले. तिची ती प्रतिमा आपल्या अनेकांच्या घरी आहे. तीत ती गव्हाळ वर्णाची, त्या देशीच्या कन्येसारखी दिसते. आई आपल्या लेकरांना त्यांच्याच रूपात भेटते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्या धर्मप्रांतातील भाविक मतमाउलीच्या यात्रेला पायी निघतात, ओव्या व भजने गातात, तिला माउली म्हणतात. शब्द आपला आहे, सूर आपला आहे. पण चर्चमध्ये, घरातल्या भिंतीवर, ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात आपण जे रूप मांडतो, त्यात उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला आपला चेहरा सापडतो काय? युरोपीय चित्रे काढून टाका, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यासमोर आपल्या पूर्वजांनी अश्रू ढाळले आहेत. त्यांच्या शेजारी आपल्या मातीतील मारियेला जागा द्यावी, एवढेच मागणे आहे. धर्मग्रामातील एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानावर नऊवारीतली मारिया काढत असेल, तर तिला रागावू नये. तिला रंग घेऊन द्यावेत.

शब्द देह झाला आणि आपल्यात राहू लागला, ही आपली श्रद्धा. त्या देहाला आपल्या गावचा रंग देण्यासाठी फोन्सेका यांनी आयुष्य वेचले. प्रभू त्यांना चिरशांती देवो आणि आपल्याला त्यांची दृष्टी देवो. आमेन.