मोगूबाई कुर्डीकर

झरीच्या मुलामुलींनो, आपल्या परभणी जिल्ह्यातील येलदरी धरण तुम्हांला माहीत असेलच. मोठे धरण झाले की काही गावे पाण्याखाली जातात. गोव्यातील कुर्डी हे गाव असेच साळावली धरणात बुडाले. त्या गावात १९०४ साली मोगूबाईंचा जन्म झाला.

आपल्या मुलीने मोठी गायिका व्हावे, अशी आईची फार इच्छा होती. पण मोगूबाई लहान असतानाच आई वारली. मोगूबाई नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या. पुढे सांगलीत उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांचे गाणे ऐकले व त्यांना शिकवू लागले. खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून मोगूबाईही मुंबईला गेल्या. तेथे अडचणी आल्या, पण त्यांनी रियाज सोडला नाही. १९३४ साली खाँसाहेबांनी गंडा बांधून त्यांना आपली शागीर्द केले.

मुले लहान असतानाच पतीचे निधन झाले. मोगूबाईंनी दूरदूरच्या गावी मैफली केल्या, शिष्यांना गाणे शिकवले आणि संसार चालवला. मुलगी किशोरी हिलाही त्यांनी कडक शिस्तीत शिकवले. तीच पुढे किशोरी आमोणकर म्हणून प्रसिद्ध झाली.

१९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले. २००१ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डीच्या पडक्या भिंती दिसतात. मुलांनो, गाव बुडाले. पण उस्तादांकडून शिष्येला आणि आईकडून मुलीला मिळालेली विद्या बुडाली नाही. तुम्हीही जे शिकाल, ते दुसऱ्याला शिकवा.